शेतकऱ्याला हवी तशी फोर बाय फोर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात शेतमालाच्या वाहतुकीविषयी लिहिताना चारही चाकांना ताकद देणाऱ्या, म्हणजे आपण ज्यांना सरसकट ‘फोर बाय फोर’ म्हणतो त्या गाड्यांचा ओझरता उल्लेख झाला होता. त्यावर कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांतून आणि पूर्वेकडील काळ्या मातीच्या पट्ट्यातूनही पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे घर आणि गोठा शेतातच असून डांबरी रस्त्यापासून तिथपर्यंत सुमारे दीड किलोमीटर लाल मातीची चढाची पाणंद आहे. दोन वेळचे दूध संस्थेत घालणे, पशुखाद्याची आणि खताची पोती आणणे, वैरण आणि भात घरी नेणे आणि प्रसंगी रात्री जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन येणे, एवढी गाडीची कामे आहेत. सध्याची साधी पिकअप जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारंवार अडकते, आणि नवल म्हणजे दुधाचे कॅन उतरवून रिकामी परत येताना जास्त अडकते. फोर बाय फोर घ्यावी का आणि घेताना काय पाहावे? (दूध उत्पादक, राधानगरी तालुका)

उत्तर : गाडी रिकामी असताना जास्त अडकते, हा आपण लिहिलेला तपशील फार मोलाचा आहे, कारण दुखणे कोठे आहे ते त्यावरूनच कळते. साध्या पिकअपमध्ये इंजिनाचे आणि केबिनचे वजन पुढच्या चाकांवर असते, तर ओढण्याचे काम मागची चाके करतात. हौदा रिकामा झाला की मागची चाके हलकी होतात आणि ओल्या लाल मातीवर त्यांना दाबच मिळत नाही. त्यात डिफरन्शियलची भर पडते. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरावे म्हणून केलेली ही सोय चिखलात नेमकी उलटते, कारण एक चाक घसरू लागले की ते नुसते गरगर फिरते आणि कोरड्या जागेवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. म्हणून मोठा खर्च करण्यापूर्वी एका पावसाळ्यापुरता एक साधा प्रयोग करून पाहावा. परतीच्या फेरीत मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर दीडशे किलो वाळूची पोती हलणार नाहीत अशी बांधून ठेवावीत, आणि मागचे दोन टायर गुळगुळीत झाले असतील तर ते खोल नक्षीचे घ्यावेत. अनेकांची अडचण एवढ्यानेच पुष्कळ कमी होते.

तरीही चढ जमत नसेल तर मात्र फोर बाय फोर ही आपली खरी गरज आहे, आणि ती घेताना आपण अश्वशक्तीच्या आकड्याकडे सर्वांत शेवटी पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. महिंद्राच्या बोलेरो कॅम्परचे २५२३ सीसीचे डिझेल इंजिन ७५ अश्वशक्तीचे आणि २०० न्यूटन-मीटर पिळाचे (टॉर्कचे) आहे, तर टोयोटा हायलक्सचे २.८ लिटरचे इंजिन २०४ अश्वशक्तीचे आहे. महामार्गावर या दोहोंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दीड किलोमीटरच्या पाणंदीत कोणीही ताशी दहा किलोमीटरपेक्षा फार वेगाने जात नाही. तेथे उपयोगी पडतो तो ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतला, लो गिअर. तो टाकला की बहुतेक गाड्यांत चाकांवरचा पिळ दोन ते अडीच पट होतो, वेग तेवढ्याच प्रमाणात उतरतो, आणि क्लच न जाळता, ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करून गाडी माणसाच्या चालीने वर चढते. उतरतानाही त्याचा तेवढाच उपयोग होतो, कारण ओल्या उतारावर ब्रेक दाबला की चाके जखडून गाडी घसरते, तर लो गिअरमध्ये इंजिनच तिला धरून ठेवते. चारही चाकांना ताकद असली तरी ब्रेक लागण्याच्या बाबतीत ही गाडी इतर कोणत्याही गाडीसारखीच असते, हे नवीन मालकाने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका ॲक्सलची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरायला लावणारी सोय. केवळ फोर बाय फोर असे लिहिलेल्या गाडीचेही पुढचे एक आणि मागचे एक अशी तिरकी दोन चाके एकाच वेळी घसरली की ती जागेवरच थांबते. मागच्या ॲक्सलवर लॉक असेल तर उरलेले चाक तिला बाहेर काढते. फोर्स गुरखासारख्या गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे असे लॉक मिळतात, पण ती मुळात माणसे नेण्याची गाडी आहे आणि आपले काम हौद्याचे आहे. एक लॉक मागे असला तरी आपल्या पाणंदीला पुरेल. जमिनीपासूनची उंची पाहताना पायरीपासून न मोजता मागच्या डिफरन्शियलच्या पोटापासून मोजावी, कारण ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर तोच भाग टेकतो.

भारक्षमता कागदावर तपासावी. युरियाचे पोते ४५ किलोचे असते, म्हणजे वीस पोत्यांचे ९०० किलो झाले. सुमारे एक टन क्षमतेची कामाची पिकअप हे ओझे नियमात राहून नेते, पण खासगी नोंदणीच्या देखण्या आणि महागड्या पिकअपची नोंदलेली क्षमता सामान्यतः तिच्या निम्म्याहूनही कमी असते. या गाड्या उत्तम बांधणीच्या आहेत, यात शंका नाही. परंतु ज्या गाडीच्या हौद्यात शेणाची पाटी टाकताना मालकाचा हात अडखळेल ती गाडी गोठ्याच्या कामाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक सुचवावेसे वाटते. पाणंद सात-आठ घरांची असेल तर सर्वांनी मिळून ग्रामपंचायतीमार्फत तिच्या मजबुतीकरणाचा प्रस्ताव द्यावा. राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू केली आणि ती रोजगार हमीच्या कामांशी जोडली. चढाच्या शंभर-दोनशे मीटरवर खडी आणि मुरूम पडला आणि बाजूने चर निघाला, तर कदाचित आपली सध्याची गाडीही पुरेशी ठरेल.

प्रश्न : आमची शेती शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या काळ्या मातीत आहे. ऊस आणि भाजीपाला असतो. भाजीपाल्याचे क्रेट थेट वावरातून भरता यावेत आणि पुराच्या दिवसांतही वाहतूक सुरू राहावी यासाठी फोर बाय फोर पिकअप घेण्याचा विचार आहे. योग्य होईल का?

उत्तर : दोन्ही कारणांसाठी घेऊ नये असे माझे मत आहे, आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या नक्षीत गच्च बसते. चार-सहा फेऱ्यांतच चाक गुळगुळीत गोळ्यासारखे होते, आणि मग चार चाकांना ताकद दिली तरी चार गोळे फिरतात एवढाच फरक पडतो. टायरमधली हवा ३० वरून १८-२० पर्यंत उतरवली तर टायर पसरून थोडी पकड वाढते, मात्र डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरून घ्यावी लागते. त्याहून मोठा तोटा जमिनीचा आहे. ओल्या काळ्या रानात भरलेली पिकअप फिरली की चाकोरीखालची माती दबून तिचा थर घट्ट होतो, पाणी मुरत नाही आणि पुढच्या पिकाच्या मुळ्या तेथे अडतात. ही हानी त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या हंगामात ते दोन पट्टे पिवळे पडल्यावर दिसते. क्रेट बांधापर्यंत डोक्यावरून किंवा छोट्या ट्रॅक्टरच्या हलक्या ट्रॉलीतून आणावेत आणि पिकअप बांधावरच उभी करावी. बांधापर्यंतची वाट कच्ची असेल तर फोर बाय फोरचा विचार तेवढ्यापुरता जरूर करावा.

पुराविषयी मात्र मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते, पण आपल्या जिल्ह्यातले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे त्याच्या पुष्कळ आधी पाण्याखाली जातात, आणि गावकऱ्यांची ये-जा नेमकी त्यांवरूनच असते. कंपन्यांच्या माहितीपत्रकात ७०० मिलिमीटर पाण्यातून गाडी जाते असे लिहिलेले असते, आणि ते खोटे नसते, पण तो आकडा साचलेल्या, तळ ठाऊक असलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा असतो. सुमारे ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांनाही ढकलून नेते. चाकांवरचा भारच गेला की किती चाकांना ताकद आहे या प्रश्नाला अर्थ उरत नाही. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावरून कोणतीही गाडी घालू नये, दुधाचे कॅन परत न्यावे लागले तरी चालतील.

साचलेल्या पाण्यातून जाणे भागच पडले, तर नंतर दोन गोष्टी तपासाव्यात. धावून तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा हवेच्या नळीतून पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेल काढून पाहावे, ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर लगेच बदलावे. चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीसही त्याच वेळी पाहून घ्यावे.

प्रश्न : वडिलांनी घेतलेली जुनी जीप गडहिंग्लज येथे आमच्या घरी आहे. तिला फोर बाय फोरचा दांडा आहे, पण कित्येक वर्षांत तो कोणी टाकलेला नाही. दुरुस्त करून शेतीच्या कामाला वापरावी का? एकदा डांबरी रस्त्यावर दांडा टाकून पाहिला तर वळताना गाडी जखडल्यासारखी झाली. हा बिघाड आहे का?

उत्तर : हा बिघाड नाही. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा फेरा घेतात. जुन्या जीपमध्ये फोर बाय फोर टाकले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधला जातो आणि फेऱ्यातला हा फरक सामावून घेण्याची कोणतीही सोय मध्ये नसते. मातीत चाके किंचित घसरून तो फरक भरून काढतात, पण डांबरावर तो ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरच्या दात्यांवर साचतो. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर दांडा कधीही टाकू नये. जीपच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाक ॲक्सलशी जोडणाऱ्या टोप्या, असतील तर ते चिखलात शिरण्यापूर्वी फिरवावेत, अडकल्यानंतर चिखलात हात घालून फिरवण्याची पाळी येऊ देऊ नये.

दुरुस्तीविषयी माझे मन जीपच्या बाजूने झुकते, हे आधीच सांगतो. महिंद्राने १९४७ मध्ये विलिस जीपची भारतात जुळणी सुरू केली, आणि तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रात या गाडीने वडापापासून ऊसतोडीपर्यंत सर्व काही केले आहे. तिचे सुटे भाग आजही मिळतात, आणि जे मिळत नाहीत ते बुश, पिना आणि शाफ्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कुशल कारागीर करून देऊ शकतात. आधी चासीस गंजलेली नाही ना ते हातोडीने ठोकून पाहावे, कारण चासीस गेली असेल तर बाकीचा खर्च वाया जातो. ती शाबूत असेल तर ट्रान्सफर केस उघडून तेल, सील आणि दांड्याचा फोर्क पाहावा. नोंदणीचे नूतनीकरण झालेले नसेल तर खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात त्याची चौकशी करावी. पुढे दर महिन्याला एकदा मातीच्या वाटेवर दांडा टाकून शे-दोनशे मीटर गाडी चालवावी, म्हणजे तेल सर्वत्र फिरते आणि यंत्रणा पुन्हा गंजत नाही.

प्रश्न : मी चंदगड तालुक्यात काजूची बाग सांभाळते. पिकअप माझ्या नावावर घ्यायची आहे. माझ्याकडे साधा मोटारीचा परवाना आहे. पिवळ्या पाटीची गाडी चालवण्यासाठी वेगळा परवाना लागतो, असे गावात सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : ताई, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी हलक्या मोटार वाहनाचा आपला परवाना पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. गाडीचे भारासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तिला माल वाहतुकीचे परमिटही लागत नाही. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र मात्र लागते, आणि ते गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी घ्यावे लागते. बागेतल्या बायकांना हौद्यात बसवून नेऊ नये. ते कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडते. माणसे नेण्याची गरज नेहमीची असेल तर दोन ओळींच्या आसनांची केबिन असलेली पिकअप पाहावी.

प्रश्न : मी कागल तालुक्यातील असून कृषी पदविकेचे शिक्षण घेत आहे. गाड्या बनवणाऱ्यांनी शेतकऱ्याला विचारून गाडी बनवली तर ती कशी असेल?

उत्तर : हा प्रश्न मला अनेक वर्षे पडला आहे आणि आपण तो विचारलात याचा आनंद वाटला.

शेताच्या मोजमापावरून गाडी घडल्याची उदाहरणे जगात आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत ‘युनिमॉग’ हे वाहन आखले गेले, तेव्हा त्याच्या दोन चाकांमधले अंतर १२७० मिलिमीटर ठरवण्यात आले, कारण बटाट्याच्या दोन ओळी त्या मापात बसत होत्या. आपल्या भाषेत सांगायचे तर हे अंतर सुमारे सव्वाचार फूट होते, म्हणजे आज आपण उसासाठी ठेवतो त्या चार-साडेचार फुटांच्या सरीच्या अगदी जवळचे. आपल्या सरीचे माप विचारायला आजवर कोणी बांधावर आल्याचे मला आठवत नाही.

दुसरे उदाहरण जपानचे आहे आणि ते आपल्याला अधिक जवळचे वाटावे. तेथे ‘केई’ वर्गातल्या छोट्या मालगाड्या आहेत. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी आणि भार ३५० किलो ही त्यांची कायद्याने ठरवलेली कमाल मर्यादा आहे. भातखाचरांच्या अरुंद बांधांवरून जाणाऱ्या या गाड्यांना चारही चाकांची ताकद मिळते, आणि सुबारू कंपनीची ‘सांबर’ तर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांमार्फत विकली जात असे, तिला शेतासाठी खास अतिमंद गिअर आणि डिफरन्शियल लॉक असे. आपल्याकडे याच आकाराच्या जवळपासच्या गाड्या, छोटा हत्ती असो किंवा सुझुकीची सुपर कॅरी, रस्त्यासाठी उत्तम आहेत, पण त्यांना फक्त मागच्या चाकांची ताकद मिळते. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा या भागांतल्या पाणंदी जेमतेम बैलगाडीच्या रुंदीच्या आहेत, आणि तेथल्या शेतकऱ्याचे रोजचे ओझे तीनशे-चारशे किलोंच्या पलीकडे क्वचित जाते. त्याला दोन मीटर रुंदीच्या गाडीची नव्हे, तर अशा लहान, हलक्या फोर बाय फोरची गरज आहे. हलकी गाडी मुळात रुततेच कमी, आणि रुतली तरी चार माणसे तिला हलवू शकतात.

पत्रांतून आणि प्रत्यक्ष भेटींत शेतकरी ज्या मागण्या सांगतात त्यांत चकचकीत पडद्यांचा उल्लेख जवळजवळ नसतो. ४० लिटरचा भरलेला कॅन एकट्या बाईला चढवता यावा इतका हौदा खाली असावा, ही मागणी मी सर्वाधिक वेळा ऐकली आहे, आणि गाडी आखणाऱ्यांना ती सर्वांत अवघड जाईल, कारण उंच पोट आणि खाली हौदा या परस्परविरोधी गोष्टी आहेत. तिन्ही बाजूंचे फाळके उघडावेत, म्हणजे मागे बांध असला तरी बाजूने माल उतरवता येईल. केबिनचा तळ नळीने धुता यावा आणि पाणी जायला भोक असावे, कारण चिखलाचे पाय घेऊन बसणे हा येथे अपवाद नसून रोजचा क्रम आहे. फोर बाय फोर टाकायला हाताचा दांडा असावा, कारण दांडा अडला तर गावातला मिस्त्री तो सोडवतो आणि बटणामागची विजेची यंत्रणा बिघडली तर गाडी तालुक्याला न्यावी लागते. हौद्याच्या बाजूला एक दिवा असावा. शेतीपंपाला वीज अनेकदा रात्रीच मिळते, पाणी पाजायला माणूस रात्री रानात असतो, आणि आज तो एका हातात बॅटरी धरून दुसऱ्या हाताने काम करतो. काहींना फवारणीचा एचटीपी पंप गाडीच्याच इंजिनावर चालवता यावा असे वाटते. युद्धोत्तर काळातल्या जीपला आणि युनिमॉगला तशी सोय होती, त्यामुळे ही मागणी अवास्तव नाही.

किमतीचा अडथळा खरा आहे, कारण पुढच्या ॲक्सलचा आणि ट्रान्सफर केसचा खर्च वाढतो, वजन वाढते आणि डिझेलही थोडे जास्त लागते. तो खर्च मोठ्या संख्येनेच खाली येऊ शकतो. ज्या जिल्ह्यात दूध, साखर आणि पतपुरवठा या तिन्हींचे सहकारी जाळे गावोगाव पोचले आहे, तेथे दूध संस्थांनी आपल्या सभासदांकडून पाणंदीची रुंदी, चढ आणि रोजचे ओझे एवढी तीनच मापे गोळा केली, तर कोणत्याही कंपनीपुढे ठेवण्याजोगी मागणी तयार होईल. आपण पदविकेसाठी प्रकल्पाचा विषय शोधत असाल तर आपल्या गावापासून ही मोजणी सुरू करावी, तिचे निष्कर्ष या सदरात छापायला मला आवडेल.

प्रश्न : चिखलात रुतलेली पिकअप ट्रॅक्टरने ओढताना आमचा बंपर उखडला. दोर कोठे बांधावा?

उत्तर : बंपरला, स्टिअरिंगच्या दांड्यांना किंवा प्रोपेलर शाफ्टला कधीही दोर बांधू नये. चासीसला जोडलेला हुक असतो, त्यालाच बांधावा. नवीन गाडी घेताना असा हुक पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे का ते वाकून पाहावे. ओढण्यापूर्वी चाकांसमोरचा चिखल फावड्याने काढून तेथे पाचट किंवा सपाट दगड घालावेत आणि टायरमधली हवा थोडी उतरवावी, त्यामुळे ट्रॅक्टरला निम्मेच बळ लावावे लागते. झटका देऊन ओढू नये. दोर हळूहळू ताणून घ्यावा, आणि तो ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या टप्प्यात कोणालाही, विशेषतः मुलांना, उभे राहू देऊ नये, कारण तुटलेला दोर किंवा निसटलेली साखळी माणसाचा जीव घेऊ शकते. साखळी वापरणे भागच असेल तर तिच्या मध्यावर ओले पोते टाकावे, म्हणजे ती तुटली तरी उडत नाही.